नट ढिला करून भागत नाही

पाऊस ओसरला की गणेशपुरीत मोटारसायकलींचे मागचे ब्रेक चिकटायला लागतात. गुरुपौर्णिमेला नित्यानंद बाबांच्या समाधीला भर पावसात येणारे दुचाकीस्वार असोत की भिवंडीच्या गोदामांत आणि यंत्रमागांवर रोज कामाला जाणारी आमची पोरं, सगळ्यांच्या मागच्या चाकावर चार महिने खड्ड्यांतलं पाणी आणि भातखाचरांतला चिखल उडत असतो. त्या पाण्यानं ब्रेकच्या कॅमवरचं ग्रीस धुऊन जातं. मग ऊन पडतं आणि तिथे गंज धरतो.

खूण ओळखायला सोपी आहे. न्यूट्रलमध्ये गाडी ढकलताना जड लागते, ॲव्हरेज घटतं, थोडं चालवून आल्यावर ड्रमजवळ हात नेला तर धग लागते. अशी गाडी दुरुस्तीला नेली की बऱ्याचदा रॉडचा नट दोन आटे ढिला करून मिळतो आणि ‘जा भाऊ, झालं’ म्हणून सांगतात. मला याचा मनापासून राग येतो. चाक तेवढ्यापुरतं मोकळं होतं, पण गंजलेला कॅम तसाच राहतो आणि पेडल खोल जायला लागतं. रात्रपाळी करून अंबाडीमार्गे परतणाऱ्या माणसाच्या पायाखाली असा ब्रेक देऊ नये.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधावं. गाडी डबल स्टँडवर घ्या, रॉड चाकाजवळच्या आर्मपासून सोडवा आणि आर्म हातानं हलवून पाहा. तो स्प्रिंगनं झटकन मागे आला, तर दोष पेडलच्या पिनमध्ये आहे. ही पिन अगदी खाली, चिखलाच्या वाटेवर असते. ती काढून रॉकेलनं धुतली, ग्रीस लावलं की काम झालं. चाकाला हातही लावावा लागत नाही. आर्मच अडत असेल, तर मात्र चाक काढायलाच हवं.

चाक उतरलं की ब्रेक प्लेट हातात येते. आतली काळी धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसांत जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. शू काढले की उरतो कॅमचा दांडा. त्यावरून आर्म काढण्याआधी दोघांवर मिळून पंचची खूण करा. आर्म एक दाता जरी चुकीचा बसला तरी ओढ बिघडते आणि लायनर किती झिजलं हे दाखवणारा काटाही खोटं सांगतो. दांडा बाहेर काढून पॉलिश पेपरनं गंज घासायचा, तो फिरतो ते भोकही साफ करायचं, रॉकेलनं धुऊन कोरडं करायचं. उष्णता सोसणारं ग्रीस दांड्यावर पातळ लावायचं, कॅमच्या तोंडावर आणि शूच्या पिनवर नुसतं बोट फिरवायचं. इथे सढळ हात घातक. ड्रम तापला की जादा ग्रीस वितळून लायनरवर येतं आणि मग ब्रेक लागतच नाही. शूच्या स्प्रिंग सैल वाटल्या तर बदलून टाका, त्या स्वस्त असतात.

चाक परत चढवताना एक गोष्ट चांगले कारागीर न चुकता करतात. एक्सलचा नट पक्का करण्याआधी पेडल दाबून धरतात. त्यानं दोन्ही शू ड्रमला टेकतात, प्लेट मधोमध येते, आणि त्याच स्थितीत नट आवळला जातो. मग पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवायची. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मागचं पेडल पुढचा ब्रेकही ओढतं. त्यामुळे अशा गाडीचं पुढचं चाकही उचलून फिरवून बघा; जोडणाऱ्या केबलमध्येही चिखल जातो.

आणि निघण्यापूर्वी कुणाला तरी मागे उभं करून पेडल दाबा. रॉडची चाल बदलली की ब्रेक लाइटचा स्विच पुन्हा लावावा लागतो. दिवा सतत पेटलेला राहिला, तर शिरसाडच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला तुम्ही कधी थांबताय ते कळणार नाही.