संशयित फक्त सुनाच

ऑगस्ट 2020 मध्ये मीही हसले होते, हे आधी कबूल करते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने 'साथ निभाना साथिया' या मालिकेतल्या एका प्रसंगाला ठेका आणि चाल दिली, आणि टाळेबंदीत 'रसोडे में कौन था' घरोघरी मोबाईलवर वाजू लागले. प्रसंग काय? घरातली कर्ती बाई कोकिला सुनांची उलटतपासणी घेते आहे. रिकामा कुकर गॅसवर चढवला कोणी? राशीने. कुकरमधले चणेही तिनेच काढून घेतले!

'स्टार प्लस'वर 2010 ते 2017 चाललेल्या या मालिकेची नायिका गोपी. ऋचा हसबनीसने केलेली राशी हे दुय्यम पात्र. जावेचा चांगुलपणा उठून दिसावा म्हणून वाईट केलेली बाई. घरात पुरुष काय कमी होते? पण त्या संवादात एकाचेही नाव निघत नाही. स्वयंपाकघरात संशयित असतात त्या सुनाच.

आमच्या एका शिबिरात मी हे बोलले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "ताई, लाखो लोकांनी पाहिलंय. लोकांना आवडतं ते."

इथेच माझे भांडण आहे. पूर्वी टी.आर.पी. होता, आता व्ह्यूज. मोजणाऱ्या यंत्राला एवढेच कळते की पाहिले. हसून पाहिले, चिडून पाहिले की नणंदेने पाठवले म्हणून पाहिले, याचा रकाना तिथे नाही. नोव्हेंबर 2021 पासून तर यूट्यूबने नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून झाकला. ठरवून होणाऱ्या हल्ल्यांपासून व्हिडिओ करणाऱ्यांना वाचवायचे होते म्हणे. असेल. पण 'आवडले' उघड्यावर आणि 'नाही आवडले' पदराआड, हे आपल्याला फारच ओळखीचे आहे!

आणि आकडेच हवेत तर घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी, काही ना काही कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरवले. हीही लोकप्रियताच की! तिच्यापुढे मान तुकवायची का? ज्या टाळेबंदीत आपण त्या ठेक्यावर हसत होतो, त्याच टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाला घरगुती हिंसेच्या तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला होता. अपमान करणे, हिणवणे, टर उडवणे यांनाही 2005 च्या कायद्याने हिंसाच म्हटले आहे.

त्या दिवसांत फोनवरून सल्ला घेणाऱ्या एका बाईंचे गाऱ्हाणे कुकरवरूनच सुरू झाले. डाळ करपली, सासू बोलली, नवऱ्याने ढकलले. मी चाचरत विचारले, तो व्हिडिओ पाहिलात का?

"पाहिला ना," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच दाखवला. तेव्हापासून मला राशी म्हणतात."