प्लग लावण्याआधी

तुमच्या घरात एखादं जुनं विजेवरचं वाद्य पडून आहे का? माळ्यावर, पलंगाखाली, नाहीतर मागच्या खोलीत चादरीखाली? परदेशातून परतताना कुणीतरी हौसेने आणलेला इलेक्ट्रिक पियानो, किंवा काकांचा पहिलावहिला कॅसिओ? असेल तर दहा मिनिटं बसा. मी काही यातली तज्ज्ञ नाही. पण एका मिनिटाच्या घाईपायी आमच्या घरचं वाद्य २१ वर्षं मुकं झालं. तेवढ्याच अधिकाराने सांगते आहे.

१९८२ साली आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. बाबांना पेटीची फार ओढ. पुण्याची पेटी बरोबर आणता आली नव्हती, ही त्यांची रोजची खंत. एका शाळेत जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे त्यांना एक बेज रंगाचा वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो दिसला. मॉडेल २०६ए. किंमत ७५ डॉलर. आई म्हणाली, "अहो, आधी कुणाला विचारा तरी." बाबांनी तोवर पैसे दिलेसुद्धा होते.

हे मॉडेल मुळात शाळांसाठीच बनवलेलं. तिथे वर्गात असे अनेक पियानो ओळीने मांडत. मुलं कानाला हेडफोन लावून आपापलं वाजवत बसायची. बाई आपल्या टेबलापाशी बसून हव्या त्या मुलाचं वाजवणं ऐकायच्या. म्हणजे आमच्या घरी आलेल्या त्या ६४ पट्ट्या आधीच कितीतरी नवशिक्या बोटांनी बडवलेल्या होत्या.

बाबांनी पहिल्याच रविवारी झाकण उघडलं. आत पोलादी पात्यांची लांबलचक रांग. ते ओरडलेच, "अगं, ही तर पेटीच आहे! फक्त भाता नाही."

ते तसे फार चुकले नव्हते. पेटीत हवेने सूर थरथरतो. इथे नमदा लावलेली छोटी हातोडी पात्यावर आपटते. पातं थरथरतं, त्याची थरथर विजेने टिपली जाते आणि स्पीकरमधून मोठी होऊन बाहेर येते. हळू वाजवलं तर आवाज देवघरातल्या घंटीसारखा गोड. जोरात मारलं तर गुरगुरतो. पुढे चाळिशीत मला कळलं, की रे चार्ल्स यांचं १९५९ मधलं प्रसिद्ध गाणं 'व्हॉट्ड आय से' वुर्लिट्झरच्याच एका आधीच्या मॉडेलवर वाजलं होतं. आमच्यासाठी मात्र ते आरतीचं वाद्य होतं.

स्पीकर खालच्या भागात होते, लहान मुलाच्या गुडघ्यांच्या उंचीला. मी वाजवायला बसले की खर्जाचे सूर आधी गुडघ्यांना कळायचे, मग कानांना. हिवाळ्यात तर मी मुद्दाम गुडघे टेकवून बसायची.

आणि मधल्या सप्तकातली काळी चार ही पट्टी वाजत नव्हती. आला तेव्हापासून नव्हतीच वाजत. बाबा गायचे काळी एकमध्ये. पेटीवाल्यांच्या लगेच ध्यानात येईल, काळी एकचा पंचम म्हणजे नेमकी काळी चार. सगळी आरती पियानोवर, आणि पंचम आला की वाद्य गप्प! मग तो सूर आम्हीच गायचो. ताई सगळ्यात मोठ्याने. मंडळाच्या गणपतीत शेजारचे काका एकदा म्हणाले, "तुमच्याकडे पंचमावर एवढा जोर का देतात?"

१९८९ मध्ये आम्ही पुण्याला परतलो. सामानाबरोबर पियानोही आला. खोका फोडला त्याच संध्याकाळी बाबांनी बाजारातून पिनचा अडॅप्टर आणला, प्लग लावला, बटण दाबलं. आधी नुसती घूं घूं झाली. मग जळक्या वार्निशाचा वास. मग काहीच नाही. आई तेव्हा काही बोलली नाही. ते बाबांना जास्त लागलं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. तो छोटा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. वीज तीच राहते. अमेरिकेतली वाद्यं १२० व्होल्टची असतात आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. मधे ट्रान्सफॉर्मर हवाच, व्होल्टेज उतरवणारा. वाद्याच्या मागे किंवा खाली एक पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. चष्मा लावून वाचा. ट्रान्सफॉर्मर त्या वॅटच्या दुपटीचा तरी घ्या. तो घेतलात तरी पहिल्यांदा स्वतः बटण दाबू नका. २०-२५ वर्षं बंद राहिलेल्या वाद्यात कपॅसिटर सुकलेले असतात, तारांवरचं रबर तडकलेलं असतं. आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून नीट ऐका. वुर्लिट्झरसारख्या पियानोत पात्यांजवळच्या पट्टीवर चालू असताना शंभराहून जास्त व्होल्ट असतात. झाकण काढून आत बोट घालायची जागा ती नव्हे. बंद केल्यावरही काही वेळ आत वीज साठून राहू शकते. तेव्हा प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. काढल्यावरही आतलं काम जाणत्यावर सोडा. घरात चौकस मुलं असतील तर स्क्रू ड्रायव्हर वरच्या कप्प्यात ठेवा. आमच्या घरात असली मुलं म्हणजे मीच होते.

आता जाणता माणूस कुठे शोधायचा? पियानो दुरुस्त करणारा मिळालाच पाहिजे, असं नाही. तुमच्या गावात जुने अँप्लिफायर, रेडिओ दुरुस्त करणारे कुणी वयस्कर गृहस्थ असतील. विजेचा भाग त्यांना समजतो. आम्हाला २०१० मध्ये असेच एक जण भेटले. त्यांनी पियानो उघडला, पण पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही. नुसते फोटो काढले. कुठली तार कुठे, कुठला स्क्रू कुठला, सगळं. मग म्हणाले, "ताई, उद्या येतो." घाई न करणारा असा माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. आल्या आल्या "दहा मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

सुरांचं काम वेगळं. प्रत्येक पात्याच्या टोकावर सोल्डरचा छोटा गोळा असतो. तो कानशीने थोडा घासला की सूर चढतो. सोल्डर वाढवलं की उतरतो. पेटीचे सूर लावणाऱ्या माणसाला हे दाखवलंत तर त्याला गंमत वाटेल. पण घासताना शिशाची पूड उडते. ती स्वयंपाकघरात नको, मुलांजवळ नको. हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी भाकरीला हात लावू नये. पातंच तुटलं असेल तर नवं मिळतं. अमेरिकेत ती बनवणारे आजही आहेत. फक्त मागवण्याआधी मॉडेल नंबर लिहून घ्या. जुन्या मॉडेलचं पातं नव्याला चालत नाही.

मधली २१ वर्षं आमच्या पियानोचं काय झालं, तेही सांगते. लाज वाटते, पण तुमच्या उपयोगाचं आहे.

त्याचं टेबल झालं. आधी वर क्रोशाचा रुमाल आला. मग फोन. मग उन्हाळ्यात लोणच्याची बरणी. एका वर्षी बरणीचा खार पाझरला आणि पट्ट्यांच्या फटीतून आत गेला. तीन पाती गंजली. पावसाळ्यात पट्ट्यांचं लाकूड फुगायचं, दाबलेली पट्टी वर यायची नाही. एका पाहुण्यांनी सुचवलं, खोबरेल सोडा. कृपा करून सोडू नका! तेल धूळ धरतं आणि मग सगळंच चिकटतं. आत नमदा असतो, तो लोकरीचा. त्याला कसर लागते, जशी शालीला लागते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत बांधून ठेवा. प्लास्टिकला टेकू देऊ नका, ते खराब होतं. आणि वाद्यावर काहीही ओलं ठेवायचं नाही. फुलदाणीसुद्धा नाही. सासूबाईंनी आणलेली असली तरी नाही.

वाद्य बाहेरच्या भिंतीला लावू नका, तिला ओल येते. खिडकीखाली तर नकोच. वर सुती चादर घाला. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत दमटपणा कोंडतो.

कॅसिओवाल्यांसाठी एवढंच, की आजच त्यातले सेल काढा. विसरलेले सेल आत पाझरतात आणि पत्रे खातात. जुना अडॅप्टर हरवला असेल तर हाताला येईल तो लावू नका. धन-ऋण उलट असू शकतं.

विकायचा विचार असेल तरी हरकत नाही. सगळ्यांच्या घरात जागा नसते, मला कळतं. पण भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, आणि फोनवर पहिला आकडा सांगणाऱ्यालाही देऊ नका. वुर्लिट्झरची ही वाद्यं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनायची थांबली. वाजवणारे लोक ती शोधत असतात. आणि देण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. दिल्लीच्या भावालाही विचारा. तो कधीच वाजवत नव्हता, असं तुम्हाला वाटतं. नंतर दिवाळीत त्याच्या तोंडून ऐकावं लागेल.

ठेवायचं ठरवलंत तर शोभेला ठेवू नका. हा माझा ठाम आग्रह आहे. ही वाद्यं शिकणाऱ्यांसाठीच जन्मली. हॅरल्ड ऱ्होड्स यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ऱ्होड्स पियानोवाले. त्यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना शिकवायला विमानाचे सुटे भाग वापरून छोटा पियानो केला होता, खाटेवर पडल्या पडल्या वाजवता येईल असा. त्यांच्या पुढच्या कामाची सुरुवात तिथली. असल्या वाद्यावर "हात लावू नको, मोडेल" अशी पाटी शोभत नाही. वाद्य तपासून सुरक्षित झालं की नातवंडांना एका बोटाने वाजवू द्या. चुकीचं वाजवू द्या. फक्त हात कोरडे हवेत.

घरातली मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, की हे कुणी आणलं, कितीला आणलं, कोण काय वाजवायचं. कागदावर लिहा आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला नको, कपाटातल्या फाइलमध्ये ठेवा. आत कागद ठेवला की झुरळं येतात. मी हे बाबांना वेळेवर विचारलं, म्हणून ७५ डॉलर हा आकडा मला ठाऊक आहे. त्या शाळेचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

दुरुस्ती झाली तेव्हा बाबा होते. काळी चारला नवं पातं बसलं होतं. त्यांनी काळी एक धरून आरती सुरू केली. पंचम आला आणि पहिल्यांदाच पियानोतून वाजला. आम्ही तिघांनीही तो सवयीने गायलाच. ताई सगळ्यात मोठ्याने.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. विजेची मुळीच गरज नाही. त्या मुक्या वर्षांत रात्री सगळे झोपल्यावर मी हेच करायची. पात्यांवर हातोडी आपटणाऱ्या या पियानोत वीज नसतानाही बारीक आवाज येतो, चमचा वाटीला लागावा तेवढा. आज संध्याकाळी टीव्ही बंद करा. वरची चादर, फोन, रुमाल, सगळं उतरवा. प्लग भिंतीपासून लांब आहे ना, ते बघा. कान पट्ट्यांजवळ न्या आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत चला. जिथे टिंग ऐवजी नुसतं टक् होईल, त्या पट्टीचा नंबर वहीत लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला ती वही दाखवा.