एक अक्षर, धनी अनेक

जुन्या इंग्रजी निकालपत्रात ‘गजेंद्रगडकर, जे.’ असं दिसलं की ते न्यायमूर्तींचं आद्याक्षर वाटावं. पण त्यांचं नाव तर प्रल्हाद बाळाचार्य! हा ‘जे’ जस्टिसचा. खंडपीठावर एकाहून अधिक न्यायमूर्ती असले की ‘एस’ न जोडता अक्षरच दोनदा लिहितात : ‘जेजे’. तिघे असले तरी दोनदाच. (मुंबईकराला मात्र जेजे म्हणजे हॉस्पिटल, नाहीतर चित्रकलेची शाळा.) भौतिकशास्त्रात हाच मोठा ‘जे’ ऊर्जेचं एकक, ज्यूल. विजेच्या अभियंत्यांनी ‘आय’ प्रवाहाला देऊन टाकला, म्हणून उणे एकाच्या वर्गमुळाला त्यांनी धाकटा ‘जे’ धरला. गणितवाले अजून ‘आय’लाच चिकटून आहेत. खरी गंमत उच्चारलिपीत. 1886 साली पॅरिसात स्थापन झालेल्या ध्वनितज्ज्ञांच्या संस्थेच्या या लिपीत ‘जे’ म्हणजे चक्क ‘य’, जर्मन माणूस उच्चारतो तसा. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी पोरानं कोशात ‘येस’ शोधावा, तर उच्चाराच्या आरंभी ‘जे’! मला हा हट्टीपणाच वाटतो, कारण मग ‘जॅम’मधल्या साध्या ‘ज’साठी ‘डी’पुढे शेपटीवाल्या तीनसारखं आणखी एक चिन्ह जोडावं लागतं.