सर्व्हर नव्हे, प्रिंटर अडलाय!

बीड : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकून गेवराई-आष्टीकडच्या शेतकऱ्याला सातबारा न घेताच परतावं लागतं. पण उतारा स्क्रीनवर उघडला, म्हणजे सर्व्हरचं काम झालं. अडचण मग केंद्रातच. लाईट जाऊन आली की राऊटर कधी कधी प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो अन् ‘ऑफलाईन’ दाखवतो. एक प्रिंट अडकली की मागची सगळी तुंबतात. अडकलेल्या प्रिंट रद्द करून प्रिंटरला कायमचा पत्ता दिला, की बहुतेक वेळा भागतं. तोवर हेलपाटा कशाला? महाभूमी पोर्टलवरून १५ रुपयांत डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ मोबाईलवर घ्या, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.