‘पोलिसी खाक्या’ : एका वाक्प्रयोगाचा पंचनामा

खानदेशात खपणारे कोणतेही मराठी दैनिक उघडावे, आतल्या पानावर एक वाक्य हमखास भेटते : ‘पोलिसी खाक्या दाखविताच संशयिताने गुन्ह्याची कबुली दिली.’ भाषा शिकविणाऱ्यांनी तरी या वाक्यापाशी थांबावयास हवे. खाक्या म्हणजे रीत, शिरस्ता. म्हणजे मारहाण हा अपवाद नसून रिवाज आहे, हे वाक्यच सांगते. आणि वाचक चहाचा घोट घेत पुढच्या बातमीकडे वळतो. कबुली संशयिताची म्हणून छापली जाते. वस्तुतः ती यंत्रणेचीच असते.

पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता. आपल्याच पोलिसांचा भरवसा इंग्रजांनाही नव्हता. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. मात्र महाराष्ट्राने १९९९ च्या मकोकात अपवाद केला : पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली तेथे पुरावा ठरते. ती नोंदविताना वकील शेजारी असलाच पाहिजे, असे बंधन नाही.

याचे फळ मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात दिसले. १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. त्या बारांत एकजण जळगावचा होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. कबुल्या छळातून आल्याचा आरोपींचा दावा मान्य केला, आणि त्यांतील मजकूर एकमेकींशी जुळणारा असल्याचेही नोंदविले. एकजण तोवर, २०२१ मध्ये, तुरुंगातच मरण पावला होता. निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सांगितले. पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

‘वकील आला की गुन्हेगार सुटतो’, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, येथे कोणाला न्याय मिळाला? एकोणीस वर्षे आत काढणाऱ्यांना नाही, आणि मृतांच्या आप्तांनाही नाही. दंडुक्याने मिळविलेला पुरावा वरच्या न्यायालयात टिकत नाही. दरम्यान खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

उपाय नवा नाही. मुंबईतील स्त्री कैद्यांना कोठडीत झालेल्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बरसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच बजावले होते, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला तत्काळ कळवावे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाचा हक्क दिला. पण हा वकील बहुधा भेटतो न्यायालयात, रिमांडच्या वेळी. आणि मार बसतो त्याआधीच्या रात्री.

शिवाय कायद्यातच एक फट आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देते, ‘पण संपूर्ण चौकशीभर नव्हे’. छळाला एवढी सवड पुरते. इंग्लंडने १९८४ च्या कायद्याने वकिलाला चौकशीच्या खोलीत बसू दिले आणि जबाबाचे ध्वनिमुद्रण सुरू केले. चार दशकांनंतरही तेथे खटले उभे राहतात, शिक्षा होतात.

वकीलवर्गानेही आरशात पाहावे. ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असे ठराव वकील संघ करीत आले. ते बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. सर्वांत तिरस्कृत आरोपीलाच वकिलाची गरज सर्वाधिक असते, कारण त्याला मारताना कोणाचाच हात थरथरत नाही.

म्हणून मागणी साधी असावी : कलम ३८ मधील ती सवड काढून टाका, मकोकातील कबुलीचा अपवाद रद्द करा, आणि प्रत्येक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अटकेच्या पहिल्या तासात विधी सेवेचा वकील पोहोचेल अशी पाळी लावा. तो तेथे बसलेला असेल, तर खाक्या दाखविता येणार नाही.