घोड-कुकडीच्या माशांची नावे

कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी विल्यम साइक्स 1824पासून दख्खनची पाहणी करत हिंडला. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध करणारा हाच. भीमेच्या खोऱ्यातले मासेही त्याने टिपले आणि 1839मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने छापली. त्यातल्या कितीतरी माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव दिले. म्हणून आपला खडशी मासा आज जगभरच्या ग्रंथांत ‘टॉर खुद्री’ आहे. शिंगटी, मळ्या, घोगरा ही नावेही अशीच थोड्याफार फरकाने लॅटिनच्या शेजारी जाऊन बसली.

ही नावे पाण्यात उतरलेल्यांनी ठेवलेली आहेत. शिंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टणक काटा असतो; जाळ्यातून सोडवताना चूक झाली की हात रक्ताळतो. ‘नुक्ता’ म्हणून नोंदलेल्या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते. नकटा या शब्दाशी त्याचे नाते कुणालाही जाणवेल.

मासा दूरचा असला की नावही दुरून येते. आपल्याकडे धरणे झाली, जलाशयांत गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ सोडले गेले आणि त्यांची नावेही बीजाबरोबर आली. आफ्रिकेतल्या तिलापियाचे तर मराठीत ‘चिलापी’ झाले. गंमत अशी की साइक्सनंतर वर्षभरातच, 1840मध्ये, अँड्र्यू स्मिथने ‘तिलापिया’ हे नाव त्स्वाना भाषेतल्या मासा या अर्थाच्या शब्दावरून घडवले होते.

नव्या माशांनी डिंभे धरणाच्या परिसरातल्या विस्थापित आदिवासींना रोजगार दिला, हे मोलाचेच आहे. पण बाजारात मागणी रोहू-कटल्याला असल्यावर मळ्या आणि नकटा यांची नावे मुलांच्या कानावर पडणार कशी? मासा दिसेनासा झाला तर निदान शोध घेता येतो. त्याचे नावच कुणाला ठाऊक नसेल तर तो गेल्याचे कळतही नाही.

2002च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींना लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. जुन्नर-आंबेगावच्या नदीकाठच्या गावांनी त्यातली माशांची पाने कार्यालयात बसून भरू नयेत. घोड, मीना, कुकडी, पुष्पावतीवर जाळे टाकत आलेल्या जुन्या महादेव कोळी मंडळींना शेजारी बसवावे, मासा समोर ठेवावा आणि ते उच्चारतील तसेच नाव लिहावे. हे काम याच पावसाळ्यात, मासे चढणीला लागतील तेव्हा सुरू व्हावे.