शिक्का चुकला, अक्षर नव्हे

संस्थेचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्षानुवर्षांच्या मराठी लेखांच्या जागी, डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग उभी राहते. तंत्रज्ञ सांगतो, ‘मराठीचा डेटाबेस करप्ट झाला. जुने सोडा, नव्याने टंकून घ्या.’ हा सल्ला अज्ञानाचा आहे आणि तो निमूटपणे मानणे हा आपला आळस आहे.

बिघडले काय, ते आधी पाहू. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. पण २०१८ साली मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, कोणी वेगळे सांगितले नाही तर, तक्त्यावर ‘लॅटिन-१’ हा पश्चिम युरोपीय भाषांचा शिक्का बसे. जुना प्रोग्रॅमही सर्व्हरशी त्याच नावाने बोले. दोन्हीकडचे असत्य एकमेकांस झाकत राहिले आणि पडद्यावर मराठी दिसत राहिली. नव्या सर्व्हरवर प्रोग्रॅम खरे बोलू लागतो. सर्व्हर मात्र जुन्या शिक्क्यावर विश्वासून प्रत्येक बाइटला युरोपीय अक्षर समजतो. मजकूर शाबूत आहे. त्याची नोंद खोटी आहे.

सीमाभागातील वाचकास हे फोडून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. कागदावरचा शिक्का बदलला, घरातली भाषा बदलली नाही.

खरा नाश होतो तो दुरुस्तीच्या घाईत. तक्त्याचे थेट यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करण्याची आज्ञा दिली की चुकीचे वाचनच कायम होते आणि ‘मराठी’चे १५ बाइट ३१ होतात. पडद्यावरचा गोंधळ कॉपी करून जपणे त्याहून घातक. ‘ठ’चा तिसरा बाइट लॅटिन-१ मध्ये एक खास मोकळी जागा असतो, कॉपी करताना तिची अनेकदा साधी मोकळी जागा होते आणि ‘मराठी’तला ‘ठ’च गळतो. एकदा का डेटाबेसमध्येच अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली गेली, की जुन्या प्रतीवाचून उपाय नाही.

योग्य मार्ग लांबचा नाही. जुन्या डेटाबेसची अस्पर्श प्रत ठेवावी. दुसऱ्या प्रतीवर ‘मराठी’ शब्दाचे बाइट मोजावेत. १५ भरले आणि शिक्का लॅटिन-१ असला, तर त्या स्तंभाचा प्रकार आधी ‘ब्लॉब’ करावा, म्हणजे शिक्का पुसला जातो आणि बाइट तसेच राहतात. मग त्यास ‘यूटीएफ-८ एमबी-४’चा मजकूर म्हणून घोषित करावे. ३१ भरले, तर आधी दुहेरी रूपांतर उलटवावे. मूळ स्थळ बंद करण्यापूर्वी जोडाक्षरांसह काही लेख डोळ्यांनी वाचून पाहावेत.

बेळगाव असो, इंदूर असो वा वडोदरा, आपल्या संस्थांनी काम सोपविताना या अटी लेखी घालाव्यात. महाराष्ट्राबाहेर मराठीचे दफ्तर आपणच राखायचे आहे. जे हरवलेलेच नाही ते हरवले म्हणून सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?